देवाचा राग आणि माणसाचा युक्तिवाद

गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाला खडसावते, नरसीचे नामदेव त्याच्याशी भांडतात. पैठणपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत कुठल्याही कीर्तनात हे भांडण ऐकायला मिळतं. देवाशी भांडता येतं, हे मराठवाड्याला सांगावं लागत नाही. ज्यू परंपरेत मात्र गाऱ्हाणं आधी देवाचं आहे.

तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या चौथ्या भागात मिसरमधून सुटलेले इस्राएली कनानच्या वेशीवर येतात. मोशे बारा हेर धाडतो. चाळीस दिवसांनी ते परततात, ते द्राक्षांचा एकच घोस दोघांच्या खांद्यावर काठीला टांगून. पण बारांपैकी दहा जणांनी कच खाल्लेली असते. तिथली माणसं राक्षसाएवढी, आम्ही स्वतःला टोळांसारखे वाटलो आणि त्यांनाही तसेच दिसलो, असं ते सांगतात. लोक रात्रभर रडतात. देवाचा संयम सुटतो. एवढं करूनही यांचा माझ्यावर विश्वास बसत नाही, आता यांना संपवतो आणि मोशे, तुझ्यापासूनच नवं राष्ट्र घडवतो, असं तो म्हणतो. मोशे ऐकून घेत नाही. देशात नेण्याची ताकद नव्हती म्हणून देवानं यांना रानात मारलं, असं लोक म्हणतील, हे तो देवाला सुनावतो. देव क्षमा करतो. पण त्या पिढीला चाळीस वर्षं रानातच काढावी लागतात.

या रागाचं काय करायचं, हा प्रश्न रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, पिढ्यान्‌पिढ्या सोडला नाही. मिद्राशात, म्हणजे रब्बींच्या कथारूप भाष्यात, देव नेमकं काय लागलं ते सांगतो: स्वतःला टोळ समजलात ते चालेल, पण त्यांच्या नजरेत तुम्ही कसे दिसलात हे तुम्हाला कुणी सांगितलं? कदाचित मी तुम्हाला देवदूतांसारखं दाखवलं असेल. याआधी लोकांनी सोन्याचं वासरू पुजलं तेव्हाही देव त्यांना संपवायला निघाला होता; त्या प्रसंगी मोशेनं देवाचं वस्त्र मित्राचं धरावं तसं घट्ट धरलं, असं तल्मूद हा रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ म्हणतो. तल्मूदाच्या मते हेरांमुळे लोक विनाकारण रडले ती रात्र ज्यू पंचांगातल्या आब महिन्याच्या नवमीची होती. जेरुसलेमची दोन्ही मंदिरं पडल्याचा शोक याच तिथीला पाळतात. मंदिर पडल्यावर देव स्वतःच रडला, असंही एक मिद्राश सांगतो. रागाच्या मुळाशी दुःख आहे, हे रब्बींनी ओळखलं होतं.

बाराव्या शतकात ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदेसनं हे सगळं तपासून पाहिलं. देवाला मानवी विकार नसतात, ग्रंथ माणसाच्या भाषेत बोलतो, हे त्याचं मत प्रसिद्धच आहे. मला त्याचं दुसरं निरीक्षण अधिक मोलाचं वाटतं. जो माणूस आयुष्यभर विटा थापत गुलामीत राबला, तो हात धुऊन लगेच राक्षसांशी लढायला उभा राहू शकत नाही. म्हणजे अविश्वास हा निव्वळ गुन्हा राहत नाही; गुलामीची जखम ठरतो. पुढे ज्यू विचारवंत अब्राहम हेशेलनं 1962 च्या ‘द प्रॉफेट्स’मध्ये मैमोनिदेसच्या उलट मांडलं. देवाला माणसाची खरोखर पर्वा आहे, म्हणूनच तो व्याकुळ होतो. माणसाबद्दल मला मैमोनिदेस पटतो, देवाबद्दल हेशेल.

हा सगळा विचार मराठीपासून दूरचा नाही. कोकणातले मराठीभाषक ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, आब नवमीच्या उपवासाशी जोडलेल्या सणाला ‘बिरड्याचा सण’ म्हणत. वाल भिजवायचे, मोड आणायचे, एकेक दाणा सोलायचा. मांस वर्ज्य करून केळीच्या पानावर भात आणि बिरडं वाढायचं. 1880 च्या सुमारास मुंबईत त्यांनी मराठी कीर्तन हाती घेतलं आणि तोरातल्या कथा त्याच रूपात रंगवल्या, ज्या रूपात आपण जनाबाई ऐकतो. 1948 नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेला आणि ती कीर्तनं इथल्या वाचकांच्या नजरेआड झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात संतसाहित्य शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: बेने इस्राएलांची ही मराठी कीर्तनं शोधा, छापा आणि जनाबाईच्या शेजारी शिकवा.