आमचं कुठं चुकलं?



गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. मिस्सा संपली होती आणि चर्चच्या पडवीत आम्ही पाऊस थांबण्याची वाट पाहत उभे होतो. लोणावळ्याचा पाऊस तो, थोडक्यात कुठला आटोपायला! शेजारी एक माउली उभी होती. तिचा मुलगा हिंजवडीला नोकरी करतो. "मुलगा कसा आहे?" एवढेच आम्ही विचारले. ती म्हणाली, "तब्येतीनं बरा आहे. पण मिस्साला येत नाही. मी देव मानत नाही, म्हणतो." मग थोडे थांबून तिने विचारले, "लहानपणी तुम्हीच शिकवलंत ना त्याला? सांगा बरं, आमचं कुठं चुकलं?"

आम्ही धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारी माणसे. त्या दिवशी "प्रार्थना करत राहा" असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. पण तिचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. ख्रिस्ती घरात वाढलेली, बाप्तिस्मा, प्रथम कम्युनियन, दृढीकरण असे सारे संस्कार झालेली मुले मोठेपणी नास्तिक का होतात?

अशा वेळी आपल्या तोंडी ठरलेली उत्तरे असतात. शहराची हवा लागली, पगार वाढला, मोबाईलने बिघडवले, संगत वाईट. पण आपल्या लोणावळ्याहून, कामशेतहून, तळेगावहून रोज कितीतरी तरुण त्याच लोकलने पुण्याकडे जातात. त्याच कंपन्यांत काम करतात, तेच मोबाईल वापरतात आणि रविवारी मिस्सालाही येतात. मग दोष शहराचा कसा म्हणायचा?

शिवाय आपल्या देशात नास्तिक होणे ही काही फॅशन नव्हे. प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने २०१९-२० मध्ये भारतातील सुमारे ३० हजार प्रौढांची पाहणी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात ९७ टक्के लोकांनी आपला देवावर विश्वास असल्याचे सांगितले. याच संस्थेच्या २०१४ च्या पाहणीत अमेरिकेत कॅथलिक चर्चमध्ये नव्याने येणाऱ्या एका माणसामागे सहाहून अधिक माणसे चर्च सोडून गेलेली आढळली. ती सारी नास्तिक झाली असे नव्हे. पण तिथे चर्च सोडणाऱ्याला सोबत मिळते. आपल्याकडे 'मी देव मानत नाही' म्हणणारा घरात एकटा, कंपनीत एकटा आणि नातेवाइकांच्या लग्नातही एकटाच. एवढा एकटेपणा कोणी गंमत म्हणून पत्करत नाही. म्हणून त्याचे म्हणणे गंभीरपणे घ्यायला हवे.

आमच्या पाहण्यात आलेली पहिली गोष्ट अशी की, पुष्कळांची श्रद्धा प्रथम कम्युनियनच्या कपड्यांसारखी राहते. नवव्या वर्षी शिवलेला तो पांढरा सदरा पंचविसाव्या वर्षी कसा अंगात जाईल? वर्गात मुलगा उत्क्रांती शिकतो आणि आपल्या धर्मशिक्षणात सहा दिवसांची गोष्ट ऐकतो. दोन्हींचा मेळ कसा घालायचा, हे त्याला कोणी सांगत नाही. पोप बारावे पायस यांनी १९५० सालीच मानवी देहाच्या उत्क्रांतीविषयी संशोधन करण्यास मोकळीक दिली होती. विश्व प्रसरण पावत आहे असे १९२७ साली मांडणारे शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र हे बेल्जियममधील कॅथलिक धर्मगुरू होते. हे आपल्यापैकी किती जणांनी आपल्या मुलांना सांगितले? मुलगा मग समजतो की शास्त्र किंवा देव, दोहोंपैकी एकच निवडायचा आहे. आणि प्रामाणिक असेल तर जे सिद्ध झालेले दिसते ते निवडतो.

दुसरे कारण दुःखाचे. चार्ल्स डार्विनची लाडकी मुलगी ॲनी १८५१ साली दहाव्या वर्षी वारली. एकेकाळी धर्मगुरू होण्यासाठी शिकलेल्या या माणसाच्या मनात उरलीसुरली श्रद्धाही त्यानंतर फारशी टिकली नाही, असे त्याचे अनेक चरित्रकार मानतात. आपल्या गावातही तान्हे बाळ जाते, रस्त्यावर तरणाताठा मुलगा जातो, आणि आपण घरी जाऊन म्हणतो, "देवाची इच्छा!" आपण सांत्वन करायला गेलेलो असतो, पण ऐकणाऱ्याच्या मनात येते की ज्याची अशी इच्छा असते, तो मला नको. ईयोबाचे मित्रही अशीच शहाणपणाची बोलणी करत होते आणि देवाने त्यांनाच दोष दिला, ईयोबाला नव्हे. आपल्याच मावळात भंडारा डोंगर आहे. दुष्काळात बायकोमुलाला गमावलेले तुकोबा तिथे एकांतात बसत आणि आपल्या विठ्ठलाशी कडाकडा भांडत. देवाशी भांडणे म्हणजे देव सोडणे नव्हे, हे या मातीला ठाऊक आहे. आपण मात्र भांडणाऱ्याला गप्प बसवतो.

तिसरे कारण आपले वागणे. मुलांच्या लैंगिक शोषणाविषयी २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या श्रद्धावंतांना पत्र लिहिले आणि चर्चने लहानग्यांना वाऱ्यावर सोडल्याची कबुली दिली. २०१६ साली भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचे धोरण जाहीर केले, तेव्हा जातिभेद आपल्या चर्चमध्येही आहे हे मान्य केले. आपल्यापैकी काहींचे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी घाटावर आले, काहींचे गोव्याहून, काहींचे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यांतून. सारे एकाच वेदीसमोर गुडघे टेकतात. पण लग्नाची बोलणी सुरू झाली की 'मूळ गाव कोणते?' या साध्या प्रश्नामागे काय दडलेले असते, हे तरुण मुलांना बरोबर कळते.

चौथे कारण असे की आपण सत्याला घाबरतो. २०१२ साली मुंबईत इर्ला येथील चर्चजवळच्या क्रुसावरील येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. लोकांची गर्दी झाली. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल इडमारुकू यांनी पाहणी करून सांगितले की तुंबलेल्या गटाराचे पाणी भिंतीतून वर चढत आहे. त्यांचे वडील जोसेफ इडमारुकू हे केरळमधील सिरियन ख्रिस्ती घराण्यात जन्मलेले आणि पुढे नास्तिक झालेले. सनल यांचे चर्चविषयीचे सारेच बोलणे आपल्याला पटणार नाही. पण गटाराचे पाणी हे गटाराचे पाणी आहे, असे म्हणायला आपल्याला कशाची भीती होती? काही कॅथलिक संघटनांनी पोलिसांत तक्रारी केल्या आणि ते देश सोडून फिनलंडला गेले. आपल्या तरुणांनी हे पाहिले. तुंबलेल्या गटाराच्या आधाराने उभी असलेली श्रद्धा त्यांना नको झाली, तर नवल काय?

ही सारी कारणे आम्ही मनाने काढलेली नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी आधुनिक जगातील चर्चविषयीचा जाहीरनामा स्वीकारला. नास्तिकता वाढण्यात आपला, म्हणजे श्रद्धावंतांचाही वाटा मोठा असू शकतो, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. श्रद्धेचे शिक्षण देण्यात हयगय करून, शिकवण चुकीची मांडून आणि नीट न वागून आपण देवाचे मुख दाखवण्याऐवजी झाकून टाकतो.

एवढे लिहून आम्ही थांबणार होतो. 'आमचं कुठं चुकलं?' याचे उत्तर मिळाले, असे वाटत होते. पण लिहिलेले छापण्याआधी त्या मुलालाच का विचारू नये, असे मनात आले. नाताळात तो घरी आला तेव्हा गेलो.

आम्हाला एक जुना प्रसंग टोचत होता. प्रथम कम्युनियनच्या वर्गात त्याने एकदा विचारले होते, "यहूदा विश्वासघात करणार हे देवाला आधीच माहीत होतं, तर देवानं त्याला जन्माला का घातलं?" आम्ही म्हणालो होतो, "असले प्रश्न विचारायचे नसतात. खाली बस." तो प्रसंग सांगून आम्ही त्याची क्षमा मागितली. तो हसला. म्हणाला, "सर, मला ते आठवतही नाही. मला कोणी दुखावलेलं नाही. आई प्रेमळ आहे, फादरही चांगले होते. मी पुष्कळ वाचलं, पुष्कळ विचार केला, आणि मला हे खरं वाटलं नाही. एवढंच."

आम्ही खजील झालो. आपल्या चुकीची कबुली देऊन आम्ही नम्र झालो, असे आम्हाला वाटत होते. पण त्या नम्रतेतही आमचाच मोठेपणा होता! जणू त्याने काय मानावे आणि काय मानू नये, हे सारे आमच्याच हाती होते. त्याला स्वतःची बुद्धी आहे, स्वतःचा विवेक आहे, हे आम्ही विसरलो होतो. जखम शोधून काढणे हीदेखील न ऐकण्याचीच एक तऱ्हा असू शकते.

अशी माणसे पूर्वीही होती. अब्राहम कोवूर (१८९८-१९७८) हे केरळमधील मार्थोमा चर्चच्या एका धर्मगुरूंचे पुत्र. श्रीलंकेत वनस्पतिशास्त्र शिकवत त्यांनी आयुष्यभर बुवाबाजीशी झुंज दिली. पुण्याचे गोपाळ गणेश आगरकर देव मानत नव्हते. पण त्यांच्या सचोटीवर बोट ठेवणे विरोधकांनाही जड गेले. देव न मानणारा वाईटच असतो, हे आपण कुठल्या तोंडाने म्हणायचे?

मग आपली श्रद्धा खोटी का? नाही. आम्ही मानतो की देव आहे आणि तो प्रेम आहे. पण श्रद्धा हे दान आहे, ते कोणाच्या गळी उतरवता येत नाही. त्याच ७ डिसेंबर १९६५ रोजी परिषदेने धर्मस्वातंत्र्याविषयीची घोषणाही स्वीकारली. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती नको, असे ती सांगते. हे आपल्या घरातील मुलालाही लागू आहे.

आणि त्या मुलाला जी शांतता ऐकू येते, ती संतांनाही अनोळखी नव्हती. बाळयेशूची संत तेरेजा १८९७ साली वारली. शेवटचे दीड वर्ष तिच्या मनात स्वर्गाविषयी दाट अंधार होता. श्रद्धा नसलेल्यांच्या पंगतीला बसून तिने त्यांच्यासाठी प्रार्थना केली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पत्रांतून संत मदर तेरेसा यांचाही कित्येक दशकांचा असाच अंधार जगाला कळला. त्या अंधारातही त्या रोज पहाटे उठून प्रार्थना करीत आणि गरिबांकडे जात. आपल्या आणि नास्तिकाच्या मध्ये आपण समजतो तेवढी उंच भिंत नाही.

त्या माउलीला आम्ही परवा भेटून आलो. "तुमचं चुकलं असेल, आमचंही चुकलं असेल," आम्ही म्हणालो, "पण सगळंच काही चुकीतून होत नाही. त्याला खोटं बोलून मिस्साला यायला लावू नका. जेवताना टोमणा मारू नका. त्यानं विचारलं तर तुम्ही का विश्वास ठेवता ते साध्या शब्दांत सांगा. नाही विचारलं तर ताट वाढा." ती म्हणाली, "ताट तर मी वाढतेच हो. मी प्रार्थनेला बसले की तो टीव्हीचा आवाज कमी करतो."

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील बाप आपल्याला ठाऊक आहे. त्याने मुलाला कोंडून ठेवले नाही, त्याच्यामागे माणसेही धाडली नाहीत. दार मात्र उघडे ठेवले आणि वाटेवर नजर ठेवली. आपला मुलगा तर उधळ्याही नाही. तो कष्टाने कमावतो, आईची औषधे आणतो. त्याची वाट पाहणे आपल्याला जड का जावे?

येत्या आठवड्यात संध्याकाळच्या रोझरीत एक गूढ अशा आपल्या मुलामुलींसाठी म्हणू या. ते परत यावेत म्हणून जरूर म्हणू या. पण ते खरे राहावेत, सुखी राहावेत आणि आपल्याकडे येताना त्यांना खोटे बोलावे लागू नये, म्हणूनही म्हणू या.