मूळ विचारावे काय?

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. माणसाची योग्यता त्याच्या जन्मावरून ठरवू नये, हा त्यातील उदार भाव. परंतु आपण जी वस्तू सेवन करतो तिलाही हाच न्याय लावावा काय?

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात कॉफीचे झुडूप तग धरणार नाही. येथे पेल्यात उतरणारी कॉफी दूरच्या डोंगरांतूनच यावयाची. अलीकडे एकाच मळ्याच्या कॉफीच्या पुड्यावर डोंगराचे नाव, त्याची उंची आणि पिढ्यान्‌पिढ्या तो मळा राखणाऱ्या कुटुंबाचे नावही छापलेले असते. बाबाबुडनगिरीच्या अरेबिकाला तर 2019 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

ग्वाल्हेरकराला ही कल्पना परकी वाटू नये. हे घराण्याचे गाव आहे. हस्सूखाँची विद्या वासुदेवबुवा जोशांकडे आली, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात नेली, आणि पुढे विष्णु दिगंबर पलुसकरांनी तिचा दूरवर प्रसार केला. गुरूचे नाव घेताना गवई कानाची पाळी धरतो. ती आपल्या मोठेपणाची जाहिरात नसते. ते ऋणाचे स्मरण असते. मूळ सांगण्याचे असे दोन हेतू संभवतात : ऋण मान्य करणे आणि भाव वाढविणे. पुड्यावरील नाव यांपैकी कोणत्या हेतूने छापले आहे, हा खरा प्रश्न होय.

नाव पुसले जाणे म्हणजे अन्यायच, असेही मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धात युरोपची बाजारपेठ बंद झाली, तेव्हा 1942 च्या कायद्याने साऱ्या मळ्यांची कॉफी मंडळाच्या सामाईक साठ्यात जमा होऊ लागली. लहान मळेवाल्याचे नाव त्या राशीत लोपले. पण त्याचा माल बेवारस पडला नाही. नव्वदीच्या दशकात ही बंधने क्रमाने सुटली, नाव परत मिळाले, आणि त्याबरोबर जगाच्या बाजारातील भावाचे चढउतारही त्याच्या अंगणात आले. नाव आणि आधार या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

तथापि त्या नावातही सर्वांना जागा नसते. अरेबिकाची फळे एकदम पिकत नाहीत. सावलीच्या झाडांखाली, उतारावर, त्याच झुडपाकडे पुनःपुन्हा जाऊन लाल झालेली तेवढीच फळे हाताने खुडावी लागतात. अशी सुमारे सहा किलो फळे तोडावी, तेव्हा किलोभर बी हाती येते. ज्या चोखंदळपणाची आपण पेल्यात वाखाणणी करतो, तो प्रथम या बोटांत असतो. बहुधा ही बोटे मजुरीवर आलेल्या स्त्रियांची असतात, आणि पुड्यावर कुटुंबाचे नाव येते तेव्हा ते मालकाच्या कुटुंबाचे असते. मैफलीतही तंबोऱ्यावर बसलेल्याचे नाव कितीसे कोणी विचारतो?

यास उत्तर म्हणून कोणी म्हणेल की प्रत्येक हाताचे नाव छापणे अशक्य आहे. खरे आहे, पण प्रश्न छपाईचा नाही, वाट्याचा आहे. 1957 च्या सुमारास मंडळाची कॉफी हाऊसे बंद पडू लागली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने तेथील नोकरांनी सहकारी संस्था काढून ती आपल्या हाती घेतली. ग्वाल्हेरातील इंडियन कॉफी हाऊस त्याच परंपरेतले. तेथे पेला आणून देणाऱ्याचे नाव गिऱ्हाइकास ठाऊक नसते, तरी संस्थेच्या नावातच 'वर्कर्स' हा शब्द आहे आणि तिच्या मालकीत त्याचा भाग आहे. नावाशिवायही न्याय होऊ शकतो तो असा.

म्हणून वस्तूचे मूळ अवश्य विचारावे; पण मळ्याच्या फाटकापाशी थांबू नये. हा मळा कोणाचा, या प्रश्नास पुडा उत्तर देतो. जास्त दिलेल्या दामापैकी खुडणाऱ्या हातात किती पोहोचले, हा प्रश्न दुकानदारास आणि मळेवाल्यास आपणच विचारला पाहिजे. त्याचे उत्तर मिळेपर्यंत त्या कॉफीचे मूळ आपल्याला अर्धेच कळले आहे, असे समजावे.