क्षमा कोणी करावी?

येडशीसारख्या गावी एका शेजाऱ्याने दुसऱ्याचा बांध कोरिला, तर ज्याची हानी झाली त्याने दावा लावावा, अथवा चार जाणत्या माणसांदेखत समेट करावा. दोन्ही त्याच्या हाती आहे. जमीन, करार, कर्ज, वारसा ह्यांविषयी माणसामाणसांतील हक्क ठरविणारा जो कायदा, त्यास खासगी कायदा म्हणतात. परंतु जवळच्या रामलिंग घाट अभयारण्यात कोणी चोरून झाड तोडिले, तर त्याची माफी देण्याचा अधिकार कोणाही गावकऱ्यास नाही. कारण ते वन कोणा एकाचे नव्हे. तेथे सरकार फिर्यादी होते. सरकार व प्रजा ह्यांचा संबंध ठरविणारा तो सार्वजनिक कायदा होय. तो सरकारासही बांधितो. अधिकाऱ्याने मर्यादा ओलांडिली तर गरीब शेतकरीही उच्च न्यायालयात दाद मागू शकतो.

हा भेद वकिलांपुरताच आहे, असे पुष्कळांस वाटते. तथापि महाडच्या चवदार तळ्याची हकीकत पाहावी. ते सर्वांस खुले करण्याचा ठराव तेथील नगरपालिकेने १९२४ साली केला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी ह्यांनी त्याचे पाणी घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात काही स्पृश्य गृहस्थांनी दिवाणी दावा लाविला की, हे तळे खासगी मालमत्तेसारखे असून केवळ स्पृश्यांचे आहे. सर्वांच्या पाण्यास असे खासगी हक्काचे कुंपण घालण्याचा यत्न झाला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळे नगरपालिकेचेच ठरविले, आणि पुरातन वहिवाटीची सबब अमान्य केली.

येडशी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, म्हणून त्या निकालाचा येथे अंमल नव्हता. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली, आणि तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता सर्वत्र नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने तिच्या आचरणास शिक्षा सांगितली. परंतु असा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने आपसांत मिटविण्यास वाव ठेविला होता. १९७६ च्या दुरुस्तीने तो वाव काढून टाकिला. हे योग्यच झाले. गावच्या विहिरीवरून हाकलिलेला मनुष्य बहुधा मजुरीसाठी हाकलणाऱ्याच्याच दारी जातो. अशा दोघांमधील समेट म्हणजे पुष्कळदा दुर्बळाचे मौनच होय. शिवाय तो ज्या हक्कावर पाणी सोडितो, तो त्याच्या एकट्याचा नसतो. वस्तीतील प्रत्येक लेकराचा त्यात वाटा असतो.

मग क्षमेचे काय, असे वाचक विचारतील. मनातील राग सोडणे हे आपल्या हाती आहे, आणि तो सोडावाच. परंतु जे सर्वांचे आहे ते एकट्याने सोडून देणे ही क्षमा नव्हे. ते दुसऱ्याच्या कणगीतून दान करणे होय.

म्हणून कोणी “आपसांत मिटवा” म्हटले, म्हणजे आमच्या बंधुभगिनींनी प्रथम हे विचारावे की, ही हानी कोणाची झाली? आपल्या एकट्याची असेल, तर मोठ्या मनाने हातभर बांध सोडावा. सर्वांची असेल, तर द्वेष न धरिता पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद नोंदवावी. आणि जो जाण्यास भितो, त्याच्याबरोबर मंडळीतील दोघांनी तरी चालावे.