पाचवे कारण : दैव, पुरुषकार आणि दोहा येथील पराभव

मोठ्या स्पर्धेत देशाचा संघ हरला की त्याची कारणे शोधण्याचे काम क्रीडासमीक्षकांकडे सोपवले जाते. परंतु घटनेचे कारण म्हणजे नेमके काय, ती घडवणारा कर्ता कोणाला म्हणावे आणि कर्त्याच्या हाती जे नव्हते ते कोणाच्या खाती मांडावे, हे प्रश्न मुळात तत्त्वज्ञानाचे असून भारतीय परंपरेने दैव आणि पुरुषकार या जोडीच्या निमित्ताने त्यांचा दीर्घकाळ विचार केला आहे. पुरुषकार म्हणजे माणसाचा स्वतःचा यत्न आणि दैव म्हणजे त्या यत्नाच्या आवाक्याबाहेर राहून फळावर परिणाम करणारे जे काही असेल ते, असा ढोबळ अर्थ येथे धरला आहे. जानेवारी २०२४ मध्ये कतारमध्ये झालेल्या आशिया चषकातील भारतीय फुटबॉल संघाची कामगिरी या जोडीचा विचार करण्यास सोयीची आहे, कारण तीत अपेक्षा आणि फळ यांच्यातील अंतर फार मोठे होते.

त्याआधीच्या वर्षात भारताने इम्फाळ येथील त्रिराष्ट्रीय स्पर्धा, भुवनेश्वर येथील आंतरखंडीय चषक आणि बेंगळुरू येथील दक्षिण आशियाई अजिंक्यपद अशा तीन स्पर्धा जिंकल्या होत्या आणि जुलै २०२३ मध्ये संघ जागतिक क्रमवारीत ९९ व्या स्थानापर्यंत पोहोचला होता. दोहा परिसरात मात्र ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३ आणि क्रमवारीत फारसा दूर नसलेल्या सीरियाकडून ०-१ असे तिन्ही सामने गमावून संघ एकही गोल न करता आणि एकही गुण न मिळवता परतला. १९८४ च्या आशिया चषकातही भारताला गोल करता आला नव्हता, पण तेव्हा इराणशी झालेल्या बरोबरीचा एक गुण तरी पदरी पडला होता.

या पराभवाची लोकांत जी कारणमीमांसा झाली ती दोन टोकांना गेली. एका टोकाला नशिबाचे नाव होते, कारण बचावफळीची घडी दुखापतींनी विस्कटलेली होती आणि मधल्या फळीतील जॅक्सन सिंगही खेळू शकला नव्हता. दुसऱ्या टोकाला प्रशिक्षक इगोर स्टिमाच या एकाच व्यक्तीचे नाव होते. वरवर पाहता ही स्पष्टीकरणे परस्परविरोधी वाटतात, कारण एक माणसाला पूर्ण दोषमुक्त करते आणि दुसरे एका माणसाला पूर्ण दोषी ठरवते. तथापि, अनेक कारणांतून उपजलेल्या घटनेला एकच कारण चिकटवण्याची चूक दोन्हींत सारखीच आहे, आणि गीतेच्या अठराव्या अध्यायात नेमक्या याच चुकीचे निदान केलेले आढळते.

तेथे कोणत्याही कर्माच्या सिद्धीसाठी पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान म्हणजे कर्म जेथे घडते तो आधार, कर्ता, करण म्हणजे साधने, विविध चेष्टा म्हणजे निरनिराळ्या हालचाली व खटपटी, आणि पाचवे दैव. शांकरभाष्यात अधिष्ठानाचा अर्थ शरीर आणि दैवाचा अर्थ इंद्रियांना अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता असा असून ज्ञानेश्वरीतही देहालाच पहिले कारण मानले आहे. त्यामुळे 'दैव म्हणजे योगायोग' हा आजचा अर्थ त्या श्लोकावर लादणे धाडसाचे ठरेल. या गणनेची मांडणी मात्र अर्थभेदाने बदलत नाही. दैव पाचांपैकी एक आहे, एकमेव नाही. कर्ताही पाचांपैकी एकच आहे. आणि पाच कारणे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी असंस्कृत होय, असे गीता लगेच पुढे बजावते. हे बजावणे सहसा विजयाच्या अहंकारावरचा उतारा म्हणून वाचले जाते. पराभवाचे खापर एकाच्या डोक्यावर फोडणाऱ्यांनाही ते तितकेच लागू पडते, याकडे सहसा लक्ष जात नाही.

या पाचव्या कारणाला, म्हणजे दैवाला, प्रश्न विचारण्याची एक जुनी आणि प्रसिद्ध रीत महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्यात आहे. या जिल्ह्यातले चिखली हे घाटावरचे, म्हणजे पठाराच्या भागातले गाव. घाटाखाली, सातपुड्याच्या बाजूला जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. जमिनीवर वर्तुळात निरनिराळी धान्ये मांडतात, मध्ये खड्डा करून पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून मातीची चार ढेकळे ठेवतात, त्यांवर पाण्याने भरलेली घागर आणि तिच्यावर पापड, कुरडई, पुरी, पानसुपारी असे पदार्थ मांडतात. रात्रभर तेथे कोणी फिरकत नाही आणि पहाटे या मांडणीत झालेल्या बदलांवरून पाऊस, पीकपाणी आणि राज्यकारभार यांचे भाकीत सांगितले जाते. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली ही परंपरा वाघ घराण्याकडे चालत आली आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने या भाकितांवर आक्षेप घेतले आहेत आणि कसोटीच्या दृष्टीने ते योग्यही आहेत. तरीही येथे एक भेद नोंदवला पाहिजे : घटमांडणीत मुख्य प्रश्न पावसाचा असतो, जो शेतकऱ्याच्या हाती नाही, आणि भाकीत काहीही निघाले तरी वखरणी चुकत नाही.

भारतीय फुटबॉलने दैवाला विचारलेला प्रश्न याहून वेगळ्या जातीचा होता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने एका ज्योतिषविषयक संस्थेला सोळा लाख रुपये दिल्याच्या बातम्या २०२२ मध्ये आल्या, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये इंडियन एक्सप्रेसने असे वृत्त दिले की जून २०२२ मधील पात्रता सामन्यांच्या वेळी खेळाडूंच्या निवडीबाबत ज्योतिषाचा सल्ला घेतला गेला होता. कोलकात्यातील ते तिन्ही सामने भारताने जिंकले होते, म्हणून फलाच्या आधारे या प्रकाराचा निषेध करता येत नाही आणि त्याचे समर्थनही करता येत नाही. त्यातील दोष तात्त्विक आहे. कोणाला खेळवावे हा निर्णय पूर्णपणे कर्त्याच्या कक्षेतला. तोच दैवाच्या कक्षेत ढकलला की दुसरे कारण पाचव्यात विरघळते आणि पुढे चौकशी करायची वेळ आली तर चौकशीला कोणी उरत नाही. भेंडवळच्या शेतकऱ्याने असा घोटाळा केलेला नाही.

दैव आणि यत्न यांच्यातील नात्याचे सर्वात मार्मिक विवेचन महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. या दोहोंत श्रेष्ठ कोणते, असा प्रश्न युधिष्ठिर विचारतो तेव्हा भीष्म ब्रह्मदेव आणि वसिष्ठ यांचा संवाद सांगतात आणि त्यात पुरुषकाराला शेताची, तर दैवाला बियाण्याची उपमा दिलेली आहे. सहज विचार केला तर ही वाटणी उलटी वाटते, कारण पेरणारा माणूस असल्याने बियाणे यत्नाचे आणि जमीन नशिबाची असे कोणीही म्हणेल. चिखली परिसरात सोयाबीन आणि कपाशी पेरणाऱ्याला मात्र ती उलटी वाटण्याचे कारण नाही : बियाणे उगवेल की नाही, पेरणीनंतर पाऊस दडी मारून दुबार पेरणीची वेळ येईल की काय, हे पुडा फोडताना कळत नाही, नांगरट, वखरणी, खत हे शेतावरचे संस्कार तेवढे पूर्ण हाती असतात. बी चांगले निघाले तरी नापीक जमिनीत ते वाया जाते, आणि कसलेल्या शेतातही कधी बी दगा देते.

या दृष्टीने पाहता दोहा येथीलच एक नंतरचा सामना अधिक उद्बोधक ठरतो. ११ जून २०२४ रोजी विश्वचषक पात्रता फेरीत लालियानझुआला छांगटेच्या गोलमुळे भारत कतारविरुद्ध आघाडीवर असताना, गोलरेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून केलेला गोल पंचांनी ग्राह्य धरला, चित्रफीत पाहून निर्णय फिरवण्याची सोय त्या सामन्यात नव्हती आणि भारत १-२ असा हरून पुढील फेरीला मुकला. दैवाचे याहून स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही. पण हा एक निर्णय निर्णायक ठरावा अशी परिस्थिती आली कोठून? मार्चमध्ये अफगाणिस्तानशी गोलशून्य बरोबरी झाली होती, त्याच अफगाणिस्तानने गुवाहाटीत येऊन भारताला २-१ असे हरवले होते, आणि ६ जून रोजी कोलकात्यात, सुनील छेत्रीच्या निरोपाच्या सामन्यात, कुवेतविरुद्धही गोल झाला नव्हता. दोहातील अन्याय खराच होता. तो प्राणघातक ठरला तो आधीच्या तीन सामन्यांनी काहीच शिल्लक ठेवले नव्हते म्हणून. त्यानंतर स्टिमाच यांना पदावरून दूर करण्यात आले, म्हणजे पाच कारणांपैकी एक बदलले.

फुटबॉलमध्ये गोल कमी होत असल्याने एका सामन्यात योगायोगाचा वाटा मोठा असतो, हे मान्य केलेच पाहिजे. सामने वाढत जातात तसा तो वाटा घटतो आणि उरलेली चार कारणे उघडी पडतात. छेत्री आशिया चषकाच्या वेळी ३९ वर्षांचा होता आणि त्याच्या जागी गोल करणारा दुसरा कोणी नव्हता, कारण इंडियन सुपर लीगमधील संघ आघाडीच्या जागी बहुधा परदेशी खेळाडू उतरवतात. हा करणाचा, म्हणजे साधनाचा अभाव. प्रशिक्षकांना हवे होते तितके लांब सराव शिबिर लीगच्या वेळापत्रकामुळे मिळाले नाही. ही चेष्टांमधील उणीव.

अधिष्ठानाबाबत, म्हणजे खेळ ज्या आधारावर उभा राहतो त्याबाबत, मात्र अधिक थांबणे भाग आहे, कारण त्याचा अभाव सहज दैवाच्या खाती मांडला जातो. योगवासिष्ठाच्या मुमुक्षुप्रकरणात दैव नावाची स्वतंत्र शक्तीच नाकारलेली आहे : लोक ज्याला दैव म्हणतात तो पूर्वीच्या यत्नांचा परिपाक होय, असे वसिष्ठ रामाला सांगतात. टिळकांनीही 'गीतारहस्या'त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांचा मेळ घालण्यासाठी स्वतंत्र प्रकरण खर्ची घातले आहे. या विचाराने, फळ द्यायला लागलेले जुने कर्म, म्हणजे प्रारब्ध, समूहालाही असते. २०२४ मध्ये पंचविशीत असलेला खेळाडू २००९ मध्ये दहा वर्षांचा होता. त्याला तेव्हा मैदान, प्रशिक्षक आणि नियमित सामने मिळाले की नाही, हे आज कोणीही बदलू शकत नाही. 'एकशे चाळीस कोटींत अकरा जण सापडत नाहीत' हे नेहमीचे आश्चर्य म्हणूनच पोकळ आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार होती. याच्या सुमारे आठव्या हिश्शाइतक्या वस्तीच्या आइसलँडने २०१६ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत इंग्लंडला हरवले, कारण त्या आधी दीड दशक तेथे छताखालची मैदाने आणि परवानाधारक प्रशिक्षक यांची उभारणी चालली होती. कोल्हापुरात तालमींच्या संघांनी पिढ्यान् पिढ्या फुटबॉल जपला आणि अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला. घाटावरच्या दहा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला क्रिकेट आणि कबड्डी येते. यात त्या मुलाचे दैव कोठेच नाही.

येथे एक धार्मिक आक्षेप उभा राहतो. फळाची आसक्ती सोडावी असे गीता सांगते, तर पराभवाची एवढी चिरफाड कशासाठी? हा आक्षेप बहुधा पदाधिकाऱ्यांच्या सोयीचा असतो. फळावरचा हक्क सोडणे आणि फळाच्या कारणांचे ज्ञान सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समत्व म्हणजे जय-पराजयात चित्त न ढळणे, आणि ते ज्याला साधले त्यालाच कारणे निर्लेपपणे तपासता येतात. चिखलीशेजारच्या मेहकर तालुक्यात शुकदास महाराजांनी हिवरा आश्रम येथे ज्यांच्या नावाने आश्रम उभारला, त्या स्वामी विवेकानंदांनी १८९७ मध्ये मद्रासच्या तरुणांना गीतेच्या अभ्यासापेक्षा फुटबॉलने स्वर्ग जवळ येईल असे सांगितले होते. हे वाक्य घोषणेसारखे वापरले जाते, पण बळकट शरीराने गीताच अधिक चांगली समजेल, हा त्याचा पुढचा भाग सांगायचा राहून जातो.

दैवाने खरोखर आडवे येणे कसे असते, हे महाराष्ट्राने जानेवारी २०२२ मध्ये पाहिले. महिलांच्या आशिया चषकाचे सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे होते. इराणशी गोलशून्य बरोबरी झाल्यावर भारतीय संघात कोविड पसरला, पुढच्या सामन्यासाठी पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत आणि यजमान संघ स्पर्धेतूनच बाद ठरला. जुलै २०२५ मध्ये याच महिला संघाने थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरवून पुढच्या आशिया चषकात स्थान मिळवले.

पुरुष संघाचे उलट झाले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावजवळच्या फातोर्डा मैदानावर छांगटेने पहिला गोल केल्यानंतरही भारत सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशिया चषकाची पात्रता हुकली. त्या वेळी प्रशिक्षक नवे, खालिद जमील, होते; मैदान घरचे होते; रेषेबाहेरचा चेंडू किंवा साथीचा रोग यांपैकी काही आडवे आले नव्हते. देशातील प्रमुख लीग मात्र व्यावसायिक हक्कांच्या कराराचा प्रश्न न सुटल्याने जुलैपासून स्थगित होती.