दृढतेचा दाखला

एखादी वस्तु मजबूत आहे असें विक्रेता सांगतो तेव्हां तो नेमकें कशाचें वचन देत असतो, हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. प्रवासांत टिकेल असा गेमिंग लॅपटॉप शोधणाऱ्या तरुणास हा प्रश्न पहिल्याच दुकानांत आडवा येतो. तेथें त्यास ‘मिल-एसटीडी-८१०’ या मानकाचें नांव ऐकावयास मिळतें. हें मानक अमेरिकेच्या संरक्षण खात्याचें असून १९६२ सालापासून चालत आलेलें आहे. २०१९ सालीं त्याची ‘एच’ आवृत्ति निघाली. पडणें, हादरे, धूळ, उष्णता, दमट हवा अशा कितीतरी प्रसंगांत वस्तूची परीक्षा कशी घ्यावी हें त्यांत सांगितलेलें आहे. परंतु त्यांतील कोणत्या परीक्षा घ्यावयाच्या हें बाजारी मालाच्या बाबतींत उत्पादक स्वतःच ठरवितो, आणि त्या निकालावर लष्कराचा शिक्का कोणी मारीत नाहीं. म्हणजे ‘या मानकानुसार तपासलेला’ हे शब्द खोटे नाहींत. धर्मराजाच्या अश्वत्थाम्याविषयींच्या वचनासारखे ते खरे आहेत. ऐकणाऱ्याचा जो समज व्हावयाचा तो होतोच, व तो व्हावा म्हणूनच ते उच्चारलेले असतात. अशा सत्यास आम्ही तरी निर्दोष म्हणणार नाहीं.

येथें एक आक्षेप येईल. खेळासाठीं लाखभर रुपये घालविणाऱ्याची फसगत झाली तर तिचें एवढें दुःख कशाला? आमच्या घरांतही वडील मंडळींचें हेंच म्हणणें आहे. आमचा एक भाचा पवनचक्क्यांच्या देखभालीवर इंजिनिअर आहे. महिन्यांतले वीस दिवस तो कधीं साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर, कधीं धुळ्याकडे, कधीं थेट जेसलमीरला असतो. रात्रीं लॉजच्या खोलींतून तो नागपुरास शिकणाऱ्या धाकट्या भावाशीं तासभर खेळतो. खेळतां खेळतां दोघे बोलतात; नुसता फोन केला तर धाकटा दोन वाक्यांपलीकडे जात नाहीं. या तासास चैन म्हणावें कीं नातें राखणें म्हणावें? आमचें मत स्पष्ट आहे. जो मनुष्य घरापासून दूर राहून मिळवितो, त्याच्या विरंगुळ्याचा हिशेब घरीं बसलेल्यांनीं इतक्या कठोरपणें मांडूं नये. मात्र तो पैसा घामाचा असल्यामुळेंच त्याबद्दल काय मिळतें हें नीट पाहिलें पाहिजे.

आणि पाहूं लागलें कीं ध्यानांत येतें तें असें, कीं या यंत्राचा मोठा शत्रु बाहेरचा धक्का नसून त्याच्या पोटांतली उष्णता आहे. देह पातळ केला कीं वारा खेळावयास जागा उरत नाहीं. जाळींत पठारावरची धूळ बसली कीं पंखे ओरडूं लागतात आणि यंत्र आपली गति आपणच आवरतें. दुसरें असें कीं नांवावरून शक्ति कळत नाहीं. ‘आरटीएक्स ४०६०’ हीच चित्रचिप एका लॅपटॉपांत ३५ वॅटवर, तर दुसऱ्यांत ११५ वॅटवर चालविलेली असूं शकते. नांव एक, काम निराळें. बॅटरीची गोष्टही तशीच. विमानांत १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी विशेष परवानगीवांचून नेतां येते, म्हणून मोठमोठ्या यंत्रांची बॅटरी ९९ च्या आसपास येऊन थांबते. आणि खेळ सुरू झाला कीं तीही तास-दीड तासांत संपते. तेव्हां चार्जर बरोबर हवाच, व त्याचें वजन दुकानदार सहसा लॅपटॉपच्या वजनांत धरीत नाहीं.

म्हणून ‘कांहींही झालें तरी मोडणार नाहीं’ अशी वस्तु मागणें ही आम्हांस थोडी आळसाची इच्छा वाटते. जपण्याची जबाबदारी आपणांवर नको, ती कारखान्यानें आगाऊ उचलावी, असा तिचा अर्थ होतो. जुन्या नाटक मंडळ्या गांवोगांव फिरत, त्यांच्याबरोबर पेटीही फिरे. ती अभेद्य नव्हती. तिचे सूर मिळविणारा मनुष्य मात्र कोठेंना कोठें सांपडत असे. आज अडचण आहे ती नेमकी येथें. कित्येक लॅपटॉपांत स्मृतीच्या चिपा मुख्य पाटीवर कायमच्या डाखलेल्या असतात. एक बिघडली कीं सबंध पाटी बदलावी लागते. केंद्र सरकारनें डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक संकेतस्थळ काढलें, तें याच दुखण्यावर.

तेव्हां घेणाऱ्यानें मानकाचा आंकडा विचारण्याआधीं यंत्र उलटें करून पाहावें. तळाचे स्क्रू साध्या पेचकसानें निघतात काय, पंख्यांपर्यंत ब्रश पोंचतो काय, बिजागरी एका हातानें उघडतांना पडदा पिळवटतो काय, आणि बॅटरी तीन वर्षांनंतर साताऱ्यास मिळेल काय? शेवटच्या प्रश्नावर विक्रेता बहुधा पुन्हा लष्कराकडे वळतो.