दुष्काळ सरल्यावर

संकटकाळी राज्यकर्त्याच्या हाती किती सत्ता द्यावी, आणि किती काळ?

योसेफाची गोष्ट आपण मुलांना आवडीने सांगतो. त्याच्या दूरदृष्टीने मिसर देश उपासमारीतून वाचला. पण उत्पत्तीचा ४७ वा अध्यायही वाचावा. धान्यासाठी लोकांनी आधी पैसा दिला, मग गुरेढोरे, शेवटी जमिनी व स्वतःलाही. दुष्काळ सरला, पाचव्या हिश्शाचा कर मात्र कायम राहिला. योसेफ दुष्ट नव्हता, हेच ध्यानात घेण्याजोगे आहे.

२५ मार्च २०२० पासून, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली, देशभर टाळेबंदी लागली. येथे उज्जैनातही मंदिरे, मशिदी व चर्चे लोकांना बंद झाली. जीव वाचवण्यासाठी निर्बंध हवेच होते. परंतु २३ मार्चला स्थगित झालेली संसद पुन्हा भरली ती १४ सप्टेंबरला. आणीबाणीच्या घोषणेला १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनुसार एका महिन्यात संसदेची मान्यता लागते, आणि ती दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागते. आपत्ती कायद्याखालील आदेशांना अशी अट नाही.

मग अधिकाऱ्यांचे हात बांधावेत काय? मुळीच नाही. क्षिप्रेला पूर आला असता जी होडी हाती लागेल ती घेऊन बुडणाऱ्याला वाचवावे. परवानगीची वाट पाहू नये. पूर ओसरल्यावर मात्र होडी मालकाला परत करावी व मोडतोडीचा हिशेब द्यावा. ती केव्हा परत करायची, हे घेणाऱ्याने ठरवू नये. वाचकहो, सज्जन राज्यकर्त्यालाही ही मुदत घालावी. त्याने त्याचे सज्जनपणही सुरक्षित राहते.