मदतीआधीचे पाणी

४ डिसेंबर २०१४ रोजी मालदीवच्या राजधानीत, मालेमध्ये, समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली आणि लाखभर माणसांचे नळ कोरडे पडले. भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी धाडले. या मोहिमेचा, ‘ऑपरेशन नीर’चा, अभिमान वाटावा असेच ते काम होते. पण एका आगीत अख्खे शहर तहानले, याची लाज कुणालाच कशी वाटली नाही?

कारण धडा त्याच देशाला दहा वर्षे आधी मिळाला होता. प्रवाळबेटाच्या वाळूत मुरलेले पावसाचे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते. विहिरीला लागते ते हेच. २६ डिसेंबर २००४ला त्सुनामी बेटांवरून गेली, तेव्हा खारे पाणी वरून या थरात उतरले आणि शौचखड्ड्यांतली घाणही विहिरींपर्यंत पोहोचली. अशा वेळी घाबरून पंपाने विहिरी उपसल्या, तर खालचे खारे पाणी आणखी वर ओढले जाते. थर पुन्हा गोडा व्हायला पावसाचीच वाट पाहावी लागते. तोवर माणसांनी प्यायचे काय?

या प्रश्नाचे उत्तर पूर येण्यापूर्वीच बांधून ठेवायचे असते. पुराच्या रेषेहून उंच उचललेला चौथरा, त्यावर घट्ट बांधलेली, झाकणबंद पागोळीची टाकी. रिकामी टाकी पुरात तरंगून वाहून जाते, म्हणून ती भरलेली ठेवण्याची शिस्त. शौचखड्डे विहिरीपासून दूर. पंप आणि विजेची पेटी उंचावर. आणि एकाच मोठ्या प्रकल्पावर सारी भिस्त न ठेवता लहान-लहान सोयी.

यात न कळण्याजोगे काही नाही. अडते ते आपल्या नीतीत. बाटल्या वाटणाऱ्याचा सत्कार होतो, चौथरा दोन हात उंच करायला लावणाऱ्या अभियंत्याचे नाव कुणी विचारत नाही. २०१९च्या महापुरात कोल्हापूरचे उपसा पंप बुडाले आणि चहूकडे पाणी असताना लोक टँकरच्या रांगेत उभे राहिले; तेव्हा हा दोष बेटांचाच आहे असे मानू नये.

बेटांना मदत देणाऱ्या प्रत्येक कराराने पहिली रक्कम या उंचीसाठी आणि दुसरी देखभालीसाठी राखून ठेवावी. टाकी कुठे बसवायची, हे तिथल्या बायकांना विचारूनच ठरवावे. हंडा त्याच वाहतात.